हँगओव्हर का वाढत जातो आणि तो टाळायचा कसा: नागपूरकरांसाठी पेगचा हिशेब

रात्री दारू किती प्यायलात आणि किती वेळात प्यायलात, या दोन आकड्यांवर दुसऱ्या दिवशीची सकाळ जवळजवळ ठरलेली असते. लिंबू चोखणं, थंड पाण्याची अंघोळ, मेडिकलमधून आणलेली चमकदार पुडी हे सगळं नंतरचं. हँगओव्हरवरच्या उपायांच्या चाचण्या २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलसाठी आणि पुढे २०२१ च्या अखेरीस 'ॲडिक्शन' या नियतकालिकासाठी एकत्र तपासल्या गेल्या. दुसऱ्या वेळी एकवीस चाचण्या होत्या. दोन्ही वेळा भरवशाचा एकही उपाय सापडला नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग आदल्या संध्याकाळबद्दल आहे, सकाळबद्दल कमी.

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ ची. गरोदरपणात, यकृताच्या आजारात किंवा व्यसन सुटल्यानंतर पुढचा हिशेब लागू होत नाही. तिथे उत्तर शून्य आहे.

शरीरात नेमकं काय बिघडतं

यकृत अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग ॲसिटेट. पहिला पदार्थ विषारी आहे. मळमळ, धडधड, चेहरा तापणं यात त्याचा हात असतो. पण हँगओव्हर सगळ्यात जास्त जाणवतो तेव्हा रक्तातलं अल्कोहोल जवळपास संपलेलं असतं. तेव्हा 'अंगात अजून दारू आहे म्हणून त्रास होतोय' हा समज बरोबर नाही. त्रास होतो तो मागे राहिलेल्या पडझडीचा, आणि ती एकाच ठिकाणी झालेली नसते.

पोटात आम्ल वाढतं आणि जठराचं अस्तर सुजतं. रोगप्रतिकारक यंत्रणा तापासारखी चाळवते. अंगदुखी, ग्लानी, कशात मन न लागणं हे बरंचसं त्यामुळे. झोप लागते लवकर, पण मध्यरात्रीनंतर दारू उतरू लागली की ती तुटते. पहाटे तीन-चारला डोळे टक्क उघडतात आणि छाती धडधडते ती म्हणूनच. शरीरात पाणी धरून ठेवणारं एक संप्रेरक दारूमुळे दबतं, म्हणून लघवी जास्त होते आणि तोंड कोरडं पडतं.

हे शेवटचं कारण लोकांना इतकं पटलेलं आहे की भरपूर पाणी प्यायलं म्हणजे काम झालं असं वाटतं. पाण्याने तहान भागते, कोरडेपणामुळे दुखणारं डोकंही थोडं हलकं होतं. सुजलेलं पोट आणि मोडलेली झोप मात्र तशीच राहते.

पायरी १: पेग नाही, ग्रॅम मोजा

'दोनच पेग' याला काही अर्थ नसतो, कारण पेग ओतणारा हात रोज वेगळा असतो. हिशेब असा करा: मिलिलिटर गुणिले बाटलीवरची टक्केवारी, भागिले १००, गुणिले ०.७९. उत्तर येतं शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम.

आपल्याकडची व्हिस्की, रम, व्होडका बहुधा ४२.८ टक्क्यांची असते. त्यामुळे ३० मिलीच्या स्मॉलमध्ये १० ग्रॅम आणि ६० च्या लार्जमध्ये २० ग्रॅम. १८० मिलीचा क्वार्टर ६१ ग्रॅमचा, तर ७५० चा खंबा अडीचशे ग्रॅमच्या थोडा वर. पाच टक्क्यांच्या साध्या बिअरची ६५० मिलीची बाटली २६ ग्रॅमची आणि आठ टक्क्यांच्या स्ट्राँगची ४१ ग्रॅमची. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक बाटली चार स्मॉल पेगांच्या बरोबरीची. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणारा माणूस दोन बाटल्यांत क्वार्टर ओलांडून पुढे गेलेला असतो आणि सकाळी विचारतो की बिअरने इतका त्रास कसा झाला.

काही बाटल्यांवर, विशेषतः देशीवर, टक्क्यांऐवजी 'यूपी', म्हणजे 'अंडर प्रूफ', लिहिलेलं असतं. २५ यूपी म्हणजे ४२.८ टक्के. ५० यूपी म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस टक्के. यूपीचा आकडा जितका मोठा, तितकी दारू सौम्य. बरेच जण नेमकं उलटं समजतात.

मोहाच्या दारूचा हिशेब मांडताच येत नाही. भट्टीतून आधी उतरलेली धार आणि शेवटची धार यांच्या तीव्रतेत मोठा फरक असतो, आणि बाटलीत त्यांचं मिश्रण कसं झालंय ते पिणाऱ्याला कळायला मार्ग नाही. मोजता येत नाही, तर सुटसुटीत नियम एकच: ती टाळा.

घरी किंवा फार्महाउसवर बसणार असाल तर पन्नास-शंभर रुपयांचं स्टीलचं पेग मेजर घ्या. नुसत्या नजरेने ओतलेला लार्ज ८०-९० मिलीचा सहज होतो, आणि रात्र चढत जाते तसा वाढतो. 'माझा कोटा तोच आहे, पण त्रास वाढलाय' या तक्रारीमागे फार वेळा एवढंच निघतं: कोटा तोच, ग्लास मोठा.

पायरी २: घड्याळ मांडा

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल संपवतं. साधारण तासाला एक स्मॉल, किंवा त्याहून थोडं कमी. हा वेग कॉफीने, चालण्याने, उलटी काढण्याने किंवा लिंबाने वाढत नाही. घाम, श्वास आणि लघवीवाटे जाणारा भाग थोडाच असतो, त्यामुळे पळून घाम गाळून दारू 'काढता' येत नाही.

आता मांडून बघू. रात्री आठला सुरुवात, एक क्वार्टर: ६१ ग्रॅम उतरायला सहा ते नऊ तास, म्हणजे पहाटे दोन ते पाच. रात्री नऊला सुरुवात करून दोन क्वार्टर: १२२ ग्रॅम, बारा ते सतरा तास, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी दोन. असा माणूस सकाळी आठला अंघोळ करून, कपाळाला गंध लावून बुटीबोरीच्या शिफ्टला गाडीवर निघतो तेव्हा तो कायद्याच्या भाषेत अजून प्यायलेलाच असू शकतो. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रात्री ऑटो केला म्हणून काम संपत नाही. सकाळचाही करावा लागतो.

यावरून उलटा हिशेब करता येतो. अकराला झोपायचं असेल आणि झोप धड हवी असेल तर शेवटचा घोट आठ-साडेआठला संपलेला बरा. आपल्याकडे बैठक सुरूच नऊनंतर होते, हे खरं आहे. मग निदान प्रमाण तरी त्या घड्याळाला साजेसं ठेवा: दोन-तीन स्मॉल आणि तेवढ्यावर बंद.

तेवढ्याच दारूत त्रास का वाढतो

ग्लास मोठा झाला नाही, ब्रँड तोच आहे, तरी सकाळ जड जाते, असं असेल तर पुढची कारणं एकेक तपासा.

झोप. आधीच पाच तासांवर आलेली झोप दारूने आणखी फाटते. रात्रपाळी करणाऱ्यांना आणि लहान मूल घरात असलेल्यांना एकाच पेगाचा त्रास जास्त होतो तो बहुधा याने.

सिगारेट. एरवी दिवसाला दोन ओढणारा बैठकीत पाकीट संपवतो. जास्त प्यायलेल्या दिवशी सिगारेटही जास्त झाली तर हँगओव्हर अधिक कडक होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे.

शरीरातलं पाणी. अल्कोहोल चरबीत जात नाही, पाण्यात पसरतं. वजन उतरलं, स्नायू कमी झाले, वय वाढलं की पाण्याचा वाटा घटतो आणि त्याच पेगाने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण सरासरीने कमी असतं, म्हणून नवऱ्याच्या पेगाला पेग लावणं हा बरोबरीचा सामना नसतो. पण वयाला सगळा दोष देऊ नका. डेन्मार्कमध्ये पन्नास हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीत वयस्कांमध्ये तीव्र हँगओव्हर उलट कमी आढळला होता. चाळिशीनंतर त्रास अचानक वाढला असेल तर आधी झोप, नवीन गोळ्या आणि यकृत यांच्याकडे बघावं.

औषधं. जुलाबासाठी किंवा दातांसाठी दिलेलं मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल सुरू असताना दारूने चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड होऊ शकते. हा कोर्स संपल्यावरही निदान तीन दिवस थांबा. झोपेच्या गोळ्या आणि ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या दारूबरोबर श्वास मंद करतात. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी प्यायल्यावर पहाटे धोकादायक खाली जाते, कारण यकृत दारूत गुंतलं की साखर बनवणं मागे पडतं. बरळणं, घाम, थरथर यांना घरचे 'चढली आहे' म्हणतात आणि झोपू देतात. मधुमेही माणसाची साखर मोजल्याशिवाय तसं म्हणू नका. ७० च्या खाली असेल आणि तो नीट शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा.

दारूचा प्रकार. आंबवताना आणि लाकडी पिंपात मुरताना इथेनॉलशिवाय इतर बरेच पदार्थ तयार होतात. ब्रँडी, गडद रम, मुरलेली व्हिस्की, रेड वाइन यांत ते जास्त, व्होडका आणि जिनमध्ये कमी. अमेरिकेतल्या एका प्रयोगात बोर्बन पिणाऱ्यांना व्होडकावाल्यांपेक्षा सकाळी जास्त वाईट वाटलं. मात्र लक्ष आणि प्रतिक्रियेच्या चाचणीत दोघंही सारखेच ढेपाळले. आपल्याकडे रंगावरून अंदाज बांधणं अवघड आहे, कारण स्वस्त व्हिस्कीत मळीपासून काढलेलं तटस्थ स्पिरिट आणि कॅरॅमलचा रंग असतो. 'पांढरी घेतली की त्रास नाही' हे अर्धसत्य आहे. सहा पेग व्होडका ही सहा पेगच असते.

आणि आधी बिअर की आधी व्हिस्की? २०१९ मध्ये जर्मनीत नव्वद जणांवर बिअर आणि वाइनचा क्रम उलटसुलट करून पाहिला. क्रमाने फरक पडला नाही. किती चढली होती आणि उलटी झाली का, यावरूनच सकाळचा अंदाज नीट बांधता आला. मिसळण्याचा तोटा वेगळाच आहे: दोन प्रकार एकत्र आले की मोजणी सुटते.

राहता राहिलं नागपूरचं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दिवसभर गेलेल्या घामाची भरपाई संध्याकाळपर्यंत झालेली नसते. अशा अंगावर गच्चीत स्ट्राँग बिअर म्हणजे कोरड्यात आणखी कोरडं. धुळवडीला तर दुपारी, उन्हात, उपाशीपोटी आणि कधी भांगेच्या जोडीने पिणं होतं. भांग खाल्ल्यावर चढायला तास-दोन तास लागतात, तोवर 'काहीच होत नाही' म्हणून पेग वाढत जातात. या दोन गोष्टी एका दिवशी करू नका. डिसेंबरातल्या हुरडा पार्टीत उलटा घोटाळा होतो. थंडीत तहान कळत नाही, आणि दारूने अंग गरम वाटलं तरी कातडीवाटे उष्णता बाहेर जात असते. रात्री शेतावर झोपणार असाल तर अंगावर पांघरूण हवंच.

पायरी ३: बसण्याआधी जेवा

चखना म्हणजे जेवण नाही. खारे शेंगदाणे आणि चिवडा तहान वाढवतात, तहान ग्लास वाढवते. पहिल्या घोटाआधी अर्धा-पाऊण तास खरं जेवण करा: भाकरी आणि पिठलं, वरण-भात-तूप, दोन अंडी नि पोळी, किंवा पनीर. स्निग्ध आणि प्रथिनं असलेल्या अन्नाने जठर उशिरा रिकामं होतं, अल्कोहोल हळू शोषलं जातं आणि रक्तातला कळस खाली राहतो. प्यायल्यानंतर बारा वाजता जेवून हा फायदा मिळत नाही.

इथे सावजीचा प्रश्न येतोच. सावजी मटणात तेल आहे, पण त्याच्या मसाल्याने आणि दारूने वाढलेल्या आम्लाने पोट दुहेरी जळतं. वर रात्री एकला जेवून लगेच आडवं झालं की आंबट ढेकर आणि छातीत जळजळ ठरलेली. सावजी खायचंच असेल तर त्या दिवशी पेग कमी, आणि जेवण ते झोप यात दोन तास ठेवा. दोन्हीचा पूर्ण आनंद एका रात्रीत घेणाऱ्याला पोट सकाळी बिल देतं.

उन्हाळ्यात बसण्याआधी अर्धा लिटर लिंबू-सरबत किंवा मीठ-जिरं घातलेलं ताक प्या. तहान भागवायला बिअर घेतली की पहिली बाटली दहा मिनिटांत जाते, सगळी गडबड तिथून सुरू होते.

पायरी ४: टेबलावर

पहिला पेग तासभर चालवा. दुसऱ्याआधी एक पूर्ण ग्लास साधं पाणी. पाण्याचा खरा उपयोग वेग मोडण्यासाठी होतो. हात आणि तोंड दोन्ही गुंतून राहतात.

सोड्याने काही जणांत अल्कोहोल लवकर चढतं, त्यामुळे पाण्यात घेतलेलं बरं. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळू नका: गुंगी कळेनाशी होते, अल्कोहोल तेवढंच राहतं, आणि माणूस आपण शुद्धीत आहोत असं समजून पुढचा पेग मागवतो. शॉट आणि 'बॉटम्स अप' या नवशिक्यांच्या हँगओव्हरच्या सगळ्यात सोप्या वाटा.

ग्लास संपण्याआधी कुणाला वरून ओतू देऊ नका. अर्धा ग्लास भरला की मोजणी गेली. ऑर्डर प्रत्येकाने स्वतःची द्यावी. चौघांनी पाळीपाळीने पाजलं की चार पेग सक्तीचे होतात. आग्रह करणारा भाऊ ऐकतच नसेल तर ग्लासात लिंबू-सोडा घेऊन बसा, रंगावरून कुणी तपासत नाही. 'औषध चालू आहे, डॉक्टरने नाही म्हटलं' हे वाक्यही अजून उत्तम चालतं.

बाटली सीलबंद, परवानाधारक दुकानातली आणि महाराष्ट्रात विक्रीसाठी असल्याचं लेबल असलेली हवी. वर्धा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे आहेत. तिथे कुणी 'सोय' केली तर त्या बाटलीत काय आहे याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

पायरी ५: झोपण्याआधी

दोन ग्लास पाणी किंवा अर्धा लिटर ओआरएस, सावकाश. दोन लिटर रिचवू नका. त्याने उलटी तरी होते नाहीतर दर तासाला उठावं लागतं. ओआरएसची पुडी घ्या आणि तिच्यावर लिहिलेल्या मापाने पाण्यात पूर्ण विरघळवा. अर्ध्या पाण्यात सगळी पुडी घातली तर मिठाचं प्रमाण दुप्पट होऊन मळमळ वाढते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. टेट्रापॅकमधली गोड फळांची पेयं हे त्याचं काम करत नाहीत.

'सकाळी दुखू नये' म्हणून रात्रीच पॅरासिटामॉल घ्यायची सवय सोडा. डोलो आणि क्रोसिन म्हणजे तेच. यकृत भरपूर दारूशी झगडत असताना त्याच्यावर हे दुसरं ओझं नको. शिवाय डोकं दुखू लागेपर्यंत गोळीचा अंमल उतरलेला असतो.

फार चढलेल्या माणसाला डाव्या कुशीवर झोपवा, वरचा गुडघा पुढे दुमडून, तोंड किंचित खाली. पाठीवर नाही. एकट्याला खोलीत सोडू नका, कारण पोटातली दारू झोपल्यावरही रक्तात चढत राहते. हाक मारून, चिमटा काढूनही जाग येत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, झटका आला असेल तर १०८. उतरेल सकाळपर्यंत म्हणून वाट बघण्यातच माणसं जातात.

पायरी ६: सकाळी

आता फक्त शरीराला त्याचं काम करू द्यायचं आहे. ओआरएस किंवा ताक घोटघोट घ्या. मळमळ असेल तर दर पाच मिनिटांनी दोन घोट. तासाभराने पोट स्थिर झालं की मऊ वरण-भात, दही-भात, केळं, ज्वारीची आंबील. संत्री खायला हरकत नाही, पण रिकाम्या पोटी तिचा आंबटपणा काहींना जाचतो. तिने हँगओव्हर जातो याला पुरावा नाही. कस्तुरचंद पार्काजवळचे तर्री-पोहे नागपूरकराला उतारा वाटतात. पोहे चालतील, तर्री संध्याकाळपर्यंत थांबू द्या.

डोकेदुखीची गोळी घेताना नाव वाचा. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक सुजलेल्या जठरातून रक्तस्राव घडवू शकतात, म्हणून खाल्ल्याशिवाय आणि पित्ताचा त्रास असताना नको. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही आहेत. रोज पिणाऱ्याने किंवा यकृत बिघडलेल्याने पॅरासिटामॉलही डॉक्टरला विचारूनच घ्यावं. पोटाच्या जळजळीला साधं अँटासिड पुरतं. रोज चहा-कॉफी घेणाऱ्याने नेहमीचा एक कप घ्यावा, नाहीतर कॅफिन न मिळाल्याचं डोकं वेगळं दुखतं. तीन कप घेऊन धडधड वाढवू नये.

उन्हाळ्यात दहानंतर बाहेर पडू नका, फुटाळ्यावर धावायला तर नाहीच. अंग तापलंय, माणूस असंबद्ध बोलतोय, ताप १०४ च्या पुढे आहे, तर तो हँगओव्हर नाही, उष्माघात आहे: सावलीत घ्या, अंगावर पाणी टाकून वारा घाला, १०८ ला फोन करा.

बहुतेक हँगओव्हर दिवसभरात उतरतो.

सकाळचा पेग आणि हात थरथरणं: इथे थांबा

उतारा म्हणून सकाळी घेतलेला पेग त्रास पुढे ढकलतो. तो बरा वाटतो, हीच त्यातली अडचण. महिनोन्महिने रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या गुंगीची भरपाई म्हणून स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. दारू थांबली की तो चेतवलेला मेंदू उघडा पडतो: हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, उगाच भीती वाटते, झोप येत नाही. शेवटच्या पेगानंतर साधारण सहा तासांपासून हे सुरू होऊ शकतं. याला हँगओव्हर म्हणत नाहीत, ही दारू तुटल्याची लक्षणं आहेत. दारू पुन्हापुन्हा सुरू करून अचानक तोडत राहिलं तर पुढच्या खेपेची लक्षणं आधीपेक्षा तीव्र होण्याचा धोका असतो. 'दर वेळी हँगओव्हर वाढत चाललाय' अशी तक्रार करणारा माणूस रोज किंवा आठवड्यातले बरेच दिवस पीत असेल तर आधी ही शक्यता तपासायला हवी.

अशा माणसाने 'उद्यापासून एकदम बंद' असा पण घरी करू नये, आणि घरच्यांनी त्याला खोलीत कोंडूही नये. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात, आणि दोन ते चार दिवसांत भास, गोंधळ, प्रचंड घाम अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. औषधांच्या आधाराने दारू सुरक्षित तोडता येते. झोपेच्या गोळ्या मनाने आणून नाही. दवाखान्यात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात, तेही घरच्या ग्लुकोजच्या पाण्याने भरून निघत नाही.

दुसरी शंका बाटलीची. शंकास्पद दारू प्यायल्यानंतर बारा-चोवीस तासांनी नजर धूसर होणं, डोळ्यांपुढे पांढरं दिसणं, पोटात जबर दुखणं, धाप लागणं ही मिथेनॉलच्या विषबाधेची चिन्हं असू शकतात. इथे घरगुती उतारा, लिंबूपाणी, वाट बघणं काही नको. सरळ सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मेयो रुग्णालय किंवा मिहानच्या एम्सचा आपत्कालीन विभाग. उरलेली बाटली सोबत न्या, आणि सोबत प्यायलेल्या बाकीच्यांनाही कळवा, त्यांना अजून काही होत नसलं तरी.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि मन खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६. डॉक्टरकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या: रोज किती ग्रॅम, किती महिन्यांपासून, शेवटचा पेग किती वाजता, आणि आधी कधी झटका आला होता का.